फळा एकाचा, पाटी प्रत्येकाची

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या सातपूरकडच्या एका शाळेच्या पालकसभेला गेलो होतो. नात तिथे सहावीत आहे आणि मी गणिताचा निवृत्त मास्तर, म्हणून "सर, तुम्ही पण या" असं बोलावणं आलं. विषय एकच होता. प्रत्येक वर्गात पंचाहत्तर इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, बसवायचं का, आणि बसवायचं तर पालकांची वर्गणी किती? अंबडच्या कारखान्यात काम करणारे एक वडील उठून म्हणाले, "आमच्याकडे मशीनला प्रोग्राम दिला की काम सुरू होतं, आणि आमची पोरं अजून खडूची धूळ खातायत." लगेच मागून एक आई म्हणाली, "जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल. शाळेतही स्क्रीनच बघायची तर पोराला घरीच ठेवते की मी." टाळ्या दोघांनाही पडल्या. पुढचा दीड तास याच दोन वाक्यांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. एक शब्द मात्र दोन्ही बाजूंच्या तोंडी होता, 'एंगेज'. मुलं एंगेज राहिली पाहिजेत. म्हणजे नेमकं काय झालं पाहिजे, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगतो. हा वाद पॅनल हवं की नको असा घालणंच चूक आहे. वर्गातलं कोणतंही साधन, मग ते दोन लाखांचं असो की दोन रुपयांचं, एकाच कसोटीवर घासून बघावं. त्याच्यामुळे प्रत्येक मुलाला स्वतः काही करावं लागतं का, आणि त्या मुलाने काय केलं ते शिक्षकाला त्याच तासात दिसतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर साधन घ्या, कर्ज काढून घ्या. 'नाही' असेल तर फुकट मिळालं तरी भिंत अडवू नका. मराठीत गुंगणं आणि गुंतणं हे दोन शब्द आहेत आणि ते उगाच वेगळे नाहीत. पोराला घास भरवताना आई मोबाइल लावते तेव्हा पोर गुंगतं. घास कधी गेला हे त्याला कळतही नाही. तेच पोर अंगणात मातीचं धरण बांधत असतं, पाणी फुटतं, पुन्हा बांधतं, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. ते गुंतलेलं असतं. लांबून दोन्ही चेहरे सारखेच दिसतात आणि शाळेला विक्री करायला येणारा माणूस आपल्याला चेहरेच दाखवतो.

जुन्या वर्गात दोन साधनं असायची, फळा आणि पाटी. फळा एक, तो मास्तरांचा. पाटी प्रत्येकाची. शिक्षणाच्या इतिहासात फळ्याचं कौतुक फार झालं, पण मला पाटी जास्त क्रांतिकारक वाटते. पाटीच्याही आधी आपल्याकडे धूळपाटी होती. लाकडी फळीवर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने हा वाळूत लिहिण्याचा प्रकार आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची रीत देशी शाळांमधून उचलली. १७९७ साली त्याने त्याचा वृत्तांत लंडनमध्ये छापला आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळांत पोचली. म्हणजे शिक्षणाचं तंत्रज्ञान आपणही निर्यात केलेलं आहे, आणि ते धुळीचं होतं! त्यात तीन गोष्टी होत्या. हात प्रत्येक मुलाचा चालायचा, चूक पुसायला काही खर्च नव्हता, आणि गुरुजींना एक चक्कर मारली की कोण कुठे अडलंय ते दिसायचं. आजच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातही हीच तीन कलमं असतात, फक्त इंग्रजीत.

आता पॅनल बसवलेल्या वर्गात काय होतं ते बघा. मी अशा तासांना बसलो आहे, म्हणून सांगतो. विषय अपूर्णांक. पडद्यावर पिझ्झा येतो (भाकरी का येत नाही हा वेगळा लेख होईल), त्याचे रंगीत तुकडे होतात, संगीत वाजतं, गोड आवाजातली ताई सांगते की चार समान भागांपैकी एक भाग म्हणजे एक चतुर्थांश. मुलं टक लावून बघतात. चित्रफीत संपते. बाई विचारतात, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणतो, "होऽऽ." एक मुलगा पुढे येऊन पॅनलवर बोटाने तुकडा ओढतो, टाळ्या वाजतात. उरलेली एकोणचाळीस मुलं प्रेक्षक. त्या दिवशी मी बाईंची परवानगी घेऊन एकच प्रश्न विचारला, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बोलू नका, वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि वर धरा." निम्म्याहून जास्त वह्यांवर 'एक चतुर्थांश' होतं. कारण विचारलं तर पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "तीनापेक्षा चार मोठा ना, सर." तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. इतकी वर्षं आपणच तिला तीनापेक्षा चार मोठा असं शिकवलं होतं. चित्रफितीने तिच्या डोक्यातल्या त्या गाठीला हातही लावला नव्हता, कारण ती गाठ आहे हे चित्रफितीला कळायला मार्गच नव्हता. 'होऽऽ' मध्ये सगळं बुडून गेलं होतं.

यावर पॅनलवाल्यांचं उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यात दम आहे. पहिला मुद्दा असा की काही गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळतच नाहीत. बरोबर आहे. रामकुंडावर रोज गोदावरी बघणाऱ्या मुलाला ती ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहत थेट बंगालच्या उपसागराला मिळते हे पाठ असतं, पण उपग्रहाच्या नकाशावर बोट सरकवत नांदेडवरून राजमहेंद्रीपर्यंत गेल्यावर त्याचा चेहरा जो होतो तो माझ्या खडूने कधी झाला नसता. दुसरा मुद्दा पेठ, सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांतल्या शाळांचा. मी स्वतः पेठ तालुक्यात चार वर्षं काढली. दोन शिक्षकांची शाळा, एकेकाकडे दोन-दोन इयत्ता, त्यातला एक तालुक्याला मिटिंगला गेला की चारही. तिथे तिसरीला एखादं चांगलं टॅब्लेट दिलं आणि शिक्षक पहिलीजवळ बसला, तर त्याला कोण नाव ठेवणार? तिसरा मुद्दा अंध विद्यार्थ्याचा. पुस्तक वाचून दाखवणारा फोन त्याच्यासाठी चैन नाही, ती त्याची पाटीच आहे. आणि चौथा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. शहरातल्या सुखवस्तू गंगापूर रोडवरच्या मुलाला जे मिळतं ते सुरगाण्याच्या मुलाला का मिळू नये? साधनं नकोत म्हणणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुतेक वेळा साधनं असलेल्या शाळेतच असतात.

पाचवा मुद्दा पुराव्याचा. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये प्रसिद्ध झाले. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकीय कार्यक्रमावर शिकण्यासाठी मुलं सोडतीने निवडली होती. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितातली प्रगती सोडतीत नाव न आलेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त झाली. हिंदीतही चांगला फरक पडला. तंत्रज्ञानाचा उपयोग नाही म्हणणाऱ्याने हा अभ्यास वाचावा. पण होय म्हणणाऱ्यानेही तो शेवटपर्यंत वाचावा. तिथे पडदा वर्गाला नव्हता, प्रत्येक मुलाला होता. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं आणि नववीपर्यंत हे अंतर वाढत जात होतं. कार्यक्रम मूल खरोखर जिथे आहे तिथून सुरुवात करत होता, आणि प्रत्येक उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलत होता. शिवाय दीड तासातला अर्धा वेळ सॉफ्टवेअर आणि अर्धा वेळ लहान गटाला शिकवणारा हाडामांसाचा माणूस, अशी ती वाटणी होती. निफाड, दिंडोरीच्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाटाने पाणी सोडलं की वरच्या वेली चिखलात आणि खालच्या कोरड्या. ठिबकचं पाणी वेलीच्या मुळाशी पडतं. आणि ठिबक बसवलं म्हणून बागेत चक्कर मारायचं कुणी थांबवत नाही. कुठली नळी तुंबली ते चालल्याशिवाय कळत नाही. आपण मात्र दिल्लीच्या ठिबकचा दाखला देऊन वर्गात पाट सोडतो आहोत.

आणि पाट सोडायची आपली ही पहिली वेळ नाही. १९१३ साली एडिसनने एका मुलाखतीत भाकीत केलं होतं की शाळेतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, डोळ्यांवाटे शिक्षण होईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. त्याच वर्षी आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी भारताला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दिला. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली होती. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. शैक्षणिक चित्रफितीचा याहून सुंदर नमुना सापडणार नाही. पण त्या चित्रफितीत सर्वांत जास्त गुंतलेला माणूस कोण होता? बघणारा, की रोज त्या कुंडीसमोर कॅमेरा लावून बसणारा? आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे. सातवीच्या मुलांना मटकी पेरायला लावून रोज एक फोटो काढायला सांगा, पट्टीने उंची मोजायला सांगा, आलेख काढायला सांगा. हेही वर्गातलं तंत्रज्ञानच झालं. आपण मात्र फाळक्यांची खुर्ची मुलांना न देता प्रेक्षकांची देतो.

पुढची पानं भराभर उलटतो. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली (त्यात महाराष्ट्र नव्हता). सकाळचे कार्यक्रम शाळेतल्या मुलांसाठी असत. १९८४ मध्ये पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे कार्यक्रम बघत वाढलेल्या पिढीला अजून ती धून आठवते. २०१७ मध्ये तिला टाळं लागलं. पेरू देशाने गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात भाषा-गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही. या सगळ्यांत कार्यक्रम वाईट होते असं नाही. कितीतरी फार चांगले होते. पण टीव्हीला उलट उत्तर देता येत नाही, आणि लॅपटॉप दिला तरी वर्गाची रीत तीच राहिली. फळा रंगीत झाला, बोलू लागला, नाचू लागला. राहिला फळाच.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथल्या टाळ्या मला जास्त खटकल्या. 'खडू-फळाच बरा होता' म्हणणाऱ्यांना खडू-फळ्याचा वर्ग खरोखर आठवतो का? मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहितायत, मुलं खाली मान घालून उतरवून घेतायत, शेवटच्या बाकावर फुली-गोळा रंगलाय. त्या वर्गात मुलं गुंतलेली होती ती छडीला, विषयाला नव्हे. आणि शाळेच्या दारातून फोन बाहेर ठेवला म्हणजे तो मुलाच्या आयुष्यातून गेला असंही नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्यातरी कामाला वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. मग हे साधन कामाला कसं लावायचं ते या मुलांना कुणी शिकवायचं? स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे पुन्हा वळायचं ठरवलं, ते आपल्याकडे मोठ्या आनंदाने फिरवलं गेलं. पण पडदा आणि पुस्तक दोन्ही भरपूर असलेल्या देशाने पडदा कमी करणं वेगळं, आणि ज्या शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटाचा खालचा कप्पा, तिथे तेच उदाहरण देणं वेगळं.

एक गोष्ट या वादात कुणीच बोलत नाही. शिक्षकाच्या हातात तंत्रज्ञान आहेच, पण ते वर्गासाठी नाही, कार्यालयासाठी आहे. ऑनलाइन माहिती भरा, आधार जोडा, फोटो अपलोड करा, लिंक उघडत नसेल तर रात्री बारानंतर प्रयत्न करा. २०१६ मध्ये तर दर सोमवारी शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि पाठवायचा, असा आदेश राज्यात निघाला होता. ओरड झाल्यावर तो बारगळला. मुलं शाळेत टिकावीत हा हेतू चांगला होता, पण त्या सेल्फीत मूल फक्त हजर होतं. साधन कुणाला उत्तर देण्यासाठी आहे यावर सगळं ठरतं. वरच्या कार्यालयाला उत्तर देणारं साधन शिक्षकाचा वेळ खातं, आणि मुलाचं उत्तर शिक्षकापर्यंत आणणारं साधन वेळ वाचवतं.

असं साधन महाग असावंच लागतं का? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जाणवलं की आपले हुशार विद्यार्थी गणितं सोडवतात, पण साध्या संकल्पनेवरच्या प्रश्नावर अडखळतात. अगदी आपल्या 'होऽऽ' सारखंच. त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला ते पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. पुढे यासाठी बटणं दाबायची इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली. कॅनडातल्या एका प्राध्यापकाने हीच पद्धत एका वर्गात बटणांनी आणि दुसऱ्या वर्गात पुठ्ठ्याची कार्डं वर धरून चालवली, आणि २००८ साली निष्कर्ष छापला. शिकण्यात फरक नाही! बटणांनी शिक्षकाची सोय झाली, नोंद ठेवणं सोपं झालं, पण ज्ञान वाढलं ते प्रश्नामुळे आणि शेजाऱ्याशी झालेल्या भांडणामुळे. आता तर 'प्लिकर्स' नावाच्या सोयीत मुलांच्या हातात छापील चौकोनी चिन्हाचा कागद असतो. कागदाची जी बाजू वर, ते उत्तर. शिक्षक आपला एकच फोन वर्गावरून फिरवतो आणि चाळीस उत्तरं नावानिशी टिपली जातात. मुलाच्या हातात पडदा नाही, तरी प्रत्येक मुलाचं उत्तर बाईंच्या हातात. हे मला धूळपाटीचं सरळ वंशज वाटतं.

खरं तर याचा धडा घ्यायला नाशिककराने हार्वर्डला जायची गरजच नाही. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला, १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ज्या विद्यापीठाचा जन्मच अंतर ओलांडायला झाला, त्याने सगळं टपालावर आणि पडद्यावर सोडून द्यायला हवं होतं. पण त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रं ठेवली, संपर्कसत्रं ठेवली, गृहपाठ लिहून घेतले. कारण पुस्तक घरी पोचवता येतं, 'मला इथे अडलं' हे ऐकायला मात्र समोर कुणीतरी लागतं. दुरून शिकवणाऱ्यांना जे कळलं ते एका खोलीत चाळीस मुलांसमोर उभ्या असलेल्या आपल्याला का कळू नये?

समान संधीचा मुद्दा मी जड म्हणालो होतो, तो टाळून पुढे जाणार नाही. सुरगाण्याच्या मुलाला गंगापूर रोडच्या मुलाइतकं मिळालंच पाहिजे. पण काय इतकं? गंगापूर रोडच्या मुलाला पॅनलखेरीज घरी विचारायला आई-बाबा असतात, शिकवणी असते, चूक दुरुस्त करणारा कुणीतरी असतो. पॅनल हा त्या श्रीमंतीतला दिसणारा भाग आहे, कामाचा भाग नव्हे. द्राक्षबागेच्या छाटणीला आई-बापामागे दिंडोरीला गेलेलं आणि महिन्या-दीड महिन्याने परतलेलं मूल वर्गात येतं तेव्हा धडा पुढे गेलेला असतो. भिंतीवरचं पॅनल त्याच्यासाठी मागे येत नाही. त्याला हवं असतं ते त्याच्या पातळीवर थांबलेलं काहीतरी, टॅब्लेट असेल, कार्डं असतील, नाहीतर मोकळा झालेला शिक्षक. डहाणूजवळच्या कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं की गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. कुरणशाळा हे तंत्रज्ञान नव्हतं असं कोण म्हणेल? तिची सुरुवात मूल कुठे आहे या प्रश्नातून झाली होती. खरेदीची सुरुवात आपण कॅटलॉगमधून करतो. मग वीजबिल थकलं की जोडणी तुटते, बॅटरी बसते, दुरुस्तीचा माणूस येत नाही, आणि पॅनलवर वर्गाच्या वेळापत्रकाचा कागद चिकटवला जातो.

त्या सभेत शेवटी मला बोलायला सांगितलं. मी कंपनीकडून आलेल्या तरुणाला विचारलं, "पॅनल चालू असताना शेवटच्या बाकावरचं मूल काय करतं?" तो म्हणाला, "सर, बघतं ना." पोरगा प्रामाणिक होता. मग मी म्हणालो, पॅनल घ्या, पण आधी एकाच वर्गात घ्या, आणि त्यासोबत त्या वर्गातल्या प्रत्येकाला एक पाटी. प्रत्येक चित्रफीत तीन मिनिटांनी थांबवायची, प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी लिहून वर धरायची. चुकलेली पाटी फोनने पॅनलवर मोठी करून दाखवायची, नाव न सांगता. सहा महिन्यांनी शेजारच्या वर्गात पॅनल न देता नुसत्या पाट्या देऊन बघायचं, आणि मग वर्गणीचं बोलायचं. सभेत हशा पिकला. अंबडचे ते वडील म्हणाले, "म्हणजे सर, फिरून पाटीवरच आलो." मुख्याध्यापिका बाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. सभा संपल्यावर जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "सर, हल्ली पाट्या मिळतात का हो कुठे?"

मेनरोडला मिळतात. दुसऱ्या दिवशी जाऊन भाव विचारून आलो.